न दबणारे ढग

मंगळवारी चाचांचं दुकान उघडलं नाही. दुपारी मशिदीच्या भोंग्यावरून त्यांच्या मयतीची वेळ सांगितली.

अनसिंगच्या बाजाररस्त्यावर ते कापूस पिंजून गाद्या-रजया भरत. गादी शिवून झाली की चपला काढून स्वतः तिच्यावर आडवे होत, डोळे मिटत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "पयले खूबी आयका, मंग खोट. उशाकडून नरम झाली. पायाकडं एक गाठ राह्यली. नेता, का उसवू?" आपल्याच मालाची खोट सांगणारा दुकानदार तुम्हीही कधी पाहिला असेल. मी हा एकच पाहिला.

मी समोरच्या वाचनालयात काम करतो. गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही अ‍ॅनिमेशनचा एक चित्रपट दाखवला. एक मुलगी झोपेत ढगांवरून चालत मेलेल्या आईच्या घरी पोचते. आई खिडकीत येते, ओठ हलवते. आवाज येत नाही. मुलगी जागी होते. संपलं. कार्टून आहे म्हणून पोरांना घेऊन आलेली मंडळी अर्ध्यातच उठली. नमाज आटोपून आलेले चाचा शेवटपर्यंत बसले.

"सांगा, चाचा," मी म्हटलं.

"खूबी म्हंजे, ढग काय पिंजले हो! एक सरकी नाई. खोट अशी का, पोरगी चालून राह्यली, पण ढग दबूनच नाई राह्यले. कापसावर पाय ठेवला तं खड्डा पडते का नाई?"

"स्वप्न आहे ते."

"सपनात वजन नसते व्हय? माह्या छातीवर तं दगड ठेवल्यावानी होते."

चित्रपट मधल्या भागात रेंगाळतो, हे दोघांनाही मान्य होतं. आईच्या गप्प राहण्यावर मात्र आमचं जुळेना. ती शांतता हीच चित्रपटाची खरी ताकद, असं मी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलं होतं. चाचांनी ते सावकाश वाचलं.

"बाईले बोलू देलं नाई, अन् तुमी तारीफ करून राह्यले. शिकेल माणसालेच जमते हे."

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा आले. "सर, तेवढा खिडकीचा भाग लावा." मग दर शुक्रवारी. पडद्याजवळ खुर्ची ओढून ते आईचे ओठ बघत बसत. एकदा मी विचारलं, काय शोधता?

"तुमची चाची जाऊन दोन सालं झाली. ख्वाबात येते. ओठ हालवते, पण आयकू येत नाई. मले वाटलं, इथं समजलं तं तिथं बी समजन."

मी उठून फळा पुसला.

उन्हाळ्याच्या तोंडी एका शुक्रवारी ते दारातूनच ओरडले, "सर, बोलली!"

"काय म्हणाल्या?"

"म्हणे, रजयांले ऊन कोन दाखवन, तुमचा बाप?" चाचा हसत हसत खाली बसले. डोळे पुसून म्हणाले, "चाळीस सालं हेच आयकलं मी. अन् मी येडा, काय काय सोचून राह्यलो होतो."

मी संगणक सुरू करायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "आज नका लावू. गच्चीवर रजया टाकून आलो. पलटवा लागन."

त्यानंतरचाच तो मंगळवार.

चाचांना माती देऊन परतलो तेव्हा त्यांची मुलगी गच्चीवरून रजया काढत होती. चार होत्या. एक तिनं मला दिली. ती माझ्याकडे आहे.