बिनमिठाचा मसाला

नवऱ्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं तेव्हा ठाण्याच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मीठ निम्म्यावर आणा. चवीला मसाले वापरा, लिंबू वापरा, पण मीठ नको." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, पेशंटकडे नाही. एरवी मी ऐकवलं असतं काहीतरी, पण मी घाबरले होते. सासरे याच दुखण्याने अर्धांग होऊन तीन वर्षं अंथरुणाला खिळले होते आणि त्यांना भरवण्यापासून पुसण्यापर्यंत सगळं मी केलं होतं. नवऱ्याचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच मला कळत होतं.

मग मी हात धुवून मागे लागले. डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटच्या ग्रिलमध्ये पुदिना आला, ओव्याच्या पानांची कुंडी आली. जिरं भाजून पूड केली, कोशिंबिरीत ओली हळद किसायला लागले, भाजीत कोकम, वरणात आलं. लोणच्याची बरणी आणि पापडाचा डबा शेजारणीला देऊन टाकला. मीठ घालायचंच झालं तर चिमटीने. आणि एका घरात दोन चवीच्या भाज्या नकोत म्हणून मीही तेच खायला लागले. मला स्वतःला काही झालेलं नव्हतं.

राहिला मसाला. आमच्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात गिरणीतल्या डंकावर कांडून आणतात. तिथे समोर घरचं माणूस बसायलाच हवं, नाहीतर आपल्या मिरच्या कोणाच्या घरी जातील सांगता येत नाही. कल्याणला राहणारी माझी मोठी नणंद गेली कित्येक वर्षं दोन्ही घरांसाठी तिथे बसते. बरणी भरताना मसाला टिकावा म्हणून ती त्यात मीठ आणि हिंगाचे खडे घालते, तशी त्यांच्या घरची रीतच आहे. त्या वर्षी मी तिला तीनदा बजावलं, "ताई, माझ्या बरणीत मीठ नको. मी फ्रिजमध्ये ठेवीन." ती बरं म्हणाली.

नवा मसाला आला आणि जेवणाचा रंगच पालटला. तोवर ताटात चिवडत बसणारा नवरा भाजी मागून घ्यायला लागला. "बघ, मिठाशिवाय पण काय मस्त लागतं," म्हणायचा. साध्या वरणातही मसाला घाल म्हणायचा. मलाही जेवण चविष्ट लागत होतं. मला वाटलं, जिभेला सवय झाली. मी तर बिल्डिंगमधल्या बायकांना जिन्यात थांबवून शिकवायला लागले, की मीठ हे निव्वळ खूळ आहे, मसाले नीट वापरले तर त्याची गरजच नाही. एका बाईने वहीत लिहूनही घेतलं.

गणपतीनंतर पुन्हा ठाण्याला गेलो. प्रेशर उतरायच्या ऐवजी वर गेलेलं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, खरं सांगा, मीठ कमी केलंय का?" मी ओव्याच्या पानापासून सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला नव्हता हे दिसत होतं. आणखी एक गोळी वाढवली. नवरा शेजारच्या खुर्चीत मूग गिळून बसला होता. मला वाटलं, बिचारा घाबरलाय. रिक्षात मी त्याचा हात धरून बसले.

पुढच्या आठवड्यात बरणीतला मसाला छोट्या डब्यात भरताना बोटाला लागलेला सहज चाटला. कच्चा मसाला कोण चाटतं? तिखटाच्या आधी मीठ लागलं. मी चमचाभर मसाला वाटीत गरम पाण्यात कालवला, खाली बसू दिला आणि वरचं पाणी प्यायले. खारट होतं. चांगलंच खारट.

बरणी पिशवीत घालून मी तडक कल्याण गाठलं. नणंदेने आधी चहा टाकला, मग पदराशी चाळा करत म्हणाली, "अगं, त्यानेच फोन केलेला. म्हणाला, ताई, नेहमीपेक्षा थोडं जास्तच टाक, तिला कळू देऊ नकोस. भाऊ आहे गं माझा. अर्धपोटी उठतो म्हणाला, मला राहवेना."

कुंपणानेच शेत खाल्लं, तर बाहेरच्यांना काय बोलणार? चहा तसाच ठेवून मी उठले.

घरी आल्यावर बरणी त्याच्यासमोर ठेवली. त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, "किती दिवस अळणी खाणार माणूस? आणि तू एवढी खूश होतीस, सगळ्यांना सांगत होतीस, तुझं मन मोडवेना."

"डॉक्टर मला खोटारडी ठरवत होते तेव्हा तू शेजारी बसलेलास."

त्याने बरणी बाजूला सरकवली.

"तुझ्या बाबांचं मी काय काय केलं, तू बघितलंयस. तुझंही मीच करणार, हे धरूनच चाललास ना?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. त्याने मीठ खाल्लं याचा राग कधीतरी गेला असता. पण पाच महिने रोज ताटावर बसून त्याने माझं कौतुक केलं, आणि मी ते रोज खरं मानलं. जिन्यात त्या बायका समोर आल्या की मी खाली बघून जाते.

आता मसाला मी स्वतः डंकासमोर बसून कांडून आणते. प्रेशर खरंच खाली आलंय. घरी मशीन आणलंय. परवा मेथीच्या भाजीला नुसती लसणाची फोडणी आणि वरून लिंबू होतं. तो म्हणाला, "छान झालीय आज."

"हात पुढे कर," मी म्हटलं, आणि मशीनचा पट्टा गुंडाळला.