सतरा नंबरचे डबे

दुकानदार त्यांना आकडेबाई म्हणत. खरं नाव बहुतेकांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची वेळही कधी आली नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी साडेनऊला त्या फोन उचलत आणि एकापाठोपाठ एक चौसष्ट दुकानांना तोच प्रश्न विचारत: गेल्या महिन्यात किती डबे गेले? डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं गेमचं यंत्र. बाजारात दोन कंपन्यांचे डबे चालत. एक कंपनी आधी आली, दुसरी सहा वर्षांनी. म्हणून दुकानदारांच्या बोलीत एक डबा थोरला आणि दुसरा धाकटा. थोरला किती, धाकटा किती, सोबत गेम किती गेले, एवढं उतरवून घेतलं की बाई पुढच्या नंबराकडे वळत. तीन तारखेच्या संध्याकाळपर्यंत चौसष्ट ओळी भरलेल्या असत.

त्या ओळींवरून महिन्याचा तक्ता बने आणि दहा तारखेला बाहेर पडे. दोन्ही कंपन्या तो पैसे मोजून विकत घेत, वर्तमानपत्रं त्यातल्या वरच्या दोन ओळी फुकट छापत, आणि ज्यांनी जन्मात कधी दुकान चालवलं नाही अशी हजारो माणसं त्यावरून इंटरनेटवर एकमेकांचं घराणं उद्धरत. हे सगळं ज्या खोलीतून निघे ती तिसऱ्या मजल्यावर होती. सहा टेबलं, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या एसींच्या पाठी. बाई तिथे बावीस वर्षं होत्या. स्वतः त्यांनी डबा कधी टीव्हीला जोडून पाहिला नव्हता.

नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. तो म्हणायचा, माझ्या बायकोला चौसष्ट नवरे आहेत, मी पासष्टावा, आणि मला ती महिन्यातून एकदाही विचारत नाही की तुमचं कसं चाललंय.

चौसष्ट दुकानांवरून सगळ्या बाजाराचा अंदाज बांधायचा तर प्रत्येक दुकानाला वजन द्यावं लागतं. मोठी दुकानं जवळपास सगळी यादीत होती, त्यांचं वजन कमी. गल्लीतली लहान दुकानं यादीत मोजकीच. ती इतरांच्याही वतीने बोलत. सतरा नंबरचं दुकान एकटं अडतीस दुकानांच्या वतीने बोले. तिथे एक डबा विकला गेला की तक्त्यात अडतीस पडत.

सतरा नंबरच्या मालकाला बाई काका म्हणत. एकोणीस वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण त्यांचा फोन पहिल्या तारखेला बरोबर दहा चाळीसला लागे, आणि काका पहिल्याच रिंगला उचलत. बाकीचे दुकानदार "थांबा हो, गिऱ्हाईक आहे" म्हणून ताटकळत ठेवत. काकांचे आकडे कागदावर तयार असत. म्हणून तिथे दोन मिनिटं बोलायला उरत. काका विचारत, बाजार काय म्हणतोय? आणि बाई सांगत. धाकट्याने किंमत उतरवलीय, सगळीकडे तोच जातोय. किंवा थोरल्याचा नवा गेम आलाय, लोक त्याच्यासाठी डबा घेतायत. काका हं हं करत आणि मग आपले आकडे वाचत. फोनवर अशा दोन गोष्टी बोलू नयेत असा काही नियम नव्हता.

नियम दुसरा होता. यादीतल्या प्रत्येक दुकानाला वर्षातून एकदा कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन यायचं. त्या कामाला एक माणूस नेमलेला होता. तीन वर्षांपूर्वी त्याची जागा रद्द झाली, कॉम्प्युटरवरचा रकाना तसाच राहिला. तो भरल्याशिवाय तक्ता पुढे सरकत नसे. पहिल्या वर्षी बाईंनी साहेबांना विचारलं. साहेब त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. ते म्हणाले, दर महिन्याला बोलताच की तुम्ही, मॅडम, ती भेटच झाली. तेव्हापासून बाई वर्षातून एक दुपार बसून चौसष्ट वेळा "भेट दिली" असं भरत आणि खाली सही करत. आपण बावीस वर्षांत एकही आकडा पदरचा घातला नाही, असं त्या अभिमानाने सांगत. ते खरंही होतं. सही हा आकडा नव्हे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या वर्षी अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकटा थोरल्याच्या पुढे गेला. महिन्याभराच्या तक्त्यात फरक फक्त सहाशे चाळीस डब्यांचा, पण पुढे म्हणजे पुढे. धाकट्या कंपनीने दुसऱ्याच दिवशी चौकाचौकांत फलक लावले. साहेबांनी सगळ्यांना केक खिलवला. बाईंनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बारसं त्यांचं आणि पेढे तुमच्या खिशातून दिसतायत.

पाचव्या दिवशी थोरल्या कंपनीचं पत्र आलं. भाषा गोड होती. तक्त्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, तरी सोबतच्या दहा दुकानांची फेरतपासणी करून, तपासणाऱ्याच्या सहीनिशी अहवाल पाठवावा. अन्यथा वर्गणीचा विचार करावा लागेल. त्या दहांच्या यादीत सतरा नंबर होता. साहेबांनी ती बाईंच्या टेबलावर ठेवली आणि बसचं भाडं कचेरी देईल असं सांगितलं.

पहिली चार दुकानं ठीक निघाली. पाचवं काकांचं. पत्त्यावर चष्म्याचं दुकान होतं. बाईंनी दोनदा नंबर ताडून पाहिला, मग आत गेल्या. काउंटरमागचा माणूस म्हणाला, गेमवाले ना? त्यांनी सोडलं हे दुकान. चौदा महिने झाले. वरच राहतात, चौथ्या मजल्यावर.

बाई मधल्या जिन्यात एकदा थांबल्या, आणि ते दम लागल्यामुळे नव्हतं.

दार उघडणारा माणूस आवाजावरून वाटला होता त्याहून बराच म्हातारा होता. बाईंनी "काका" म्हटलं, एवढ्यावरच त्यांनी ओळखलं. ते दारातून बाजूला झाले. एकच खोली. पलंग, स्टोव्ह, भिंतीशी दुकानातलं काचेचं कपाट, त्यात एक थोरला आणि एक धाकटा, दोन्ही नमुन्याचे, वायरी गुंडाळून ठेवलेले. टेबलावर फोन आणि फोनशेजारी वही.

"पाणी देऊ का, ताई?"

"वही बघू."

वही नेटकी होती. दर महिन्याची ओळ, थोरला, धाकटा, गेम. आणि समासात, बारीक अक्षरात, बाईंचीच वाक्यं. धाकटा जोरात. थोरल्याचा नवा गेम. सगळीकडे मंदी. गेल्या महिन्याच्या समासात लिहिलं होतं: धाकटा हाती लागत नाही म्हणे. त्याच्यासमोर थोरला बारा, धाकटा एकतीस.

काकांनी काही लपवलं नाही. माल उठत नव्हता, लोक घरबसल्या मागवू लागले, भाडं वाढलं, दुकान सुटलं. पुढच्याच आठवड्यात पहिली तारीख आली आणि फोन वाजला. त्या दिवशी त्यांनी मागच्या महिन्यातले एक-दोन कमी करून आकडे दिले. खरं सांगायचं पुढच्या महिन्यात ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात बाईंनी बाजाराचं सांगितलं, तसे त्यांनी आकडे वरखाली केले. खोटं असलं तरी बाजाराला धरून असावं, एवढं त्यांनी पाहिलं. चाळीस वर्षं धंदा केलेला माणूस होता.

"बंद झालं म्हणून सांगायचं होतं ना, काका."

"मग तुम्ही यादीतून काढलं असतं."

"काढलंच असतं."

"तेच म्हणतोय मी."

परतीच्या बसमध्ये बाईंनी तिकिटाच्या पाठीवर हिशेब केला. एकतीस गुणिले अडतीस, अकराशे अठ्ठ्याहत्तर. बारा गुणिले अडतीस, चारशे छप्पन्न. दोहोंतला फरक सातशे बावीस. तक्त्यात धाकटा सहाशे चाळीसने पुढे होता. म्हणजे खरं तर थोरलाच ब्याऐंशी डब्यांनी पुढे. त्यांनी स्वतः काकांना फोनवर सांगितलेलं एक वाक्य काकांच्या वहीतून आकडा होऊन परत आलं होतं, आणि त्यांच्याच हाताने त्याला अडतीसने गुणलं गेलं होतं. गेल्या वर्षभरात एकदा बाई त्या दुकानाकडे नुसत्या फिरकल्या असत्या तरी पुरलं असतं. रकान्यात मात्र तीन वर्षं भेट दिलेली होती.

निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं. मध्येच काढलं तर शेवटची मोठी रक्कम मिळणार नव्हती. तिच्यातूनच घराचं उरलेलं फेडायचं होतं. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो पुढचा घास न घेता ऐकत राहिला. मग म्हणाला की डेपोत ब्रेक न तपासता तपासल्याची सही केली तर माणूस घरी जातो.

"कुणी मेलं तर ना?"

"नाही. नुसत्या सहीवर."

थोड्या वेळाने तो म्हणाला, पण हे डबे आहेत गं, बस नव्हे. आणि ताट उचलून उठला. पुढे काय करायचं ते त्याने विचारलं नाही.

अहवाल देण्याची मुदत शुक्रवारची होती. उरलेली पाच दुकानंही बाई जाऊन पाहून आल्या. नऊ दुकानांपुढे त्यांनी "चालू" लिहिलं. सतरापुढे लिहिलं: चौदा महिन्यांपासून बंद; आकडे कल्पित; वार्षिक भेटी झालेल्या नाहीत, नोंदी खोट्या, सही माझी. साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की सतरा नंबर पुढच्या महिन्यात गुपचूप वगळू, आता "चालू" लिहा आणि विषय संपवा. बाई म्हणाल्या, तुम्ही सही करा, मी गप्प बसते.

"यात माझं नाव कुठे नाहीये ना, मॅडम?"

"रकान्यात सही माझी आहे, साहेब."

कागद तसाच गेला, वर साहेबांचं पत्र लावून. एका ज्येष्ठ कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा, त्यांना कामावरून कमी करण्यात आलं आहे, दुरुस्त तक्ता सोबत जोडला आहे. साहेबांना वाटलं होतं की एक माणूस दिला की निभावेल. तसं झालं नाही. धाकट्या कंपनीने फलक उतरवले नाहीत, तक्ताच खोटा ठरवला. थोरली म्हणाली, आधीची अकरा वर्षं तरी खरी कशावरून? इंटरनेटवर निम्म्या लोकांच्या मते बाईंनी पैसे खाल्ले होते. कुणाचे, यावर दोन तट होते. महिन्याअखेर दोघींनी वर्गणी थांबवली. तिसऱ्या मजल्यावरची सहाही टेबलं उचलली गेली. शेजारच्या टेबलावर सोळा वर्षं बसलेली बाई, जिच्या घरी दोन लहान मुलं होती, आकडेबाईंना बाजारात समोर दिसली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मोठी रक्कम गेली ती गेलीच. नवऱ्याने डेपोत जादा पाळ्या मागून घेतल्या आणि घरी विनोद करणं जवळजवळ सोडलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला बाई घरी होत्या. भाजी चिरून झाली होती. दहा चाळीस झाले. कचेरी बंद झाल्याचं काकांना कुणी कळवलेलं असण्याची शक्यता नव्हती. चौसष्टातल्या कुणालाच कळवलेलं नव्हतं. नंबर तोंडपाठ होता.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"थोरला अकरा," काका म्हणाले. "धाकटा..."

"काका, आता आकडे नकोत. तक्ता बंद झाला."

काकांनी विचारलं, रागाने नाही, समजून घ्यायचं असल्यासारखं:

"मग फोन कशासाठी केलात, ताई?"

बाजार काय म्हणतोय ते बाईंना आता ठाऊक नव्हतं, आणि दुसरं काही ते दोघं एकोणीस वर्षांत कधी बोलले नव्हते. मग पलीकडचा फोन खाली ठेवला गेला.