बिनचुलीचा बोकड

जगात चुलीशिवाय बिस्किटं करणारा माणूस आजवर एकच होऊन गेला आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता, हे मी कुणाच्याही दारात उभा राहून सांगायला तयार आहे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. भोर संस्थानच्या वेल्ह्यातल्या कचेरीत ते कारकून होते, आणि त्यांच्याच सांगण्यावर विश्वास ठेवायचा तर ते रजेवर गेले की तोरणा किल्ला बोटभर खचायचा. ऐन जंगलात समोर आलेल्या वाघाला त्यांनी नुसती भुवई वर करून माघारी धाडलं होतं. वाघ जाताना ओशाळला होता, असंही ते सांगत. असा हा पुरुष स्वतःच्या घरात मात्र चुलीपासून चार हात लांब बसे, कारण मावशीनं त्यांना चुलीला हात लावायची कायमची बंदी केली होती. एकदा चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांनी निम्मी पडवी पेटवली होती, एवढंच काय ते निमित्त. "पडवी जुनीच झाली होती," हे काकांचं त्यावरचं म्हणणं. दुसरा एखादा नवरा अशा बंदीनं खजील झाला असता. काकांनी तिचं तत्त्वज्ञान केलं. "आग ही घाईच्या माणसांची सोय आहे," ते सुपारी कातरत म्हणायचे, "ज्याला धीर आहे त्याला ऊन पुरतं."

तर हे धीराचे पुरुष एकदा कचेरीच्या कामानं पुण्याला गेले आणि तिथं कुठल्याशा दुकानात काचेच्या बरणीत हत्ती, घोडे, उंट अशा आकारांची बिस्किटं पाहून आले. विकत घेतली नाहीत. कुणाची भट्टी, कुणाचं अंडं, कोण सांगणार? नुसती पाहिली, पण इतका वेळ पाहिली की दुकानदारानं म्हणे बसायला स्टूल दिलं. वेल्ह्याला परतल्यावर बैलगाडीतून एक पाय खाली टाकतानाच त्यांनी जाहीर केलं, की ही बिस्किटं आपण घरी करणार, भट्टीशिवाय करणार आणि साहेबाच्या तोंडात मारतील अशी करणार. मावशी दारातून म्हणाली, "करा. पण ओसरीवर करा."

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भोरहून जाऊन पोचलो की ओसरीवर हा कारखाना सुरू व्हायचा. आम्ही पाच-सहा भाचरं, शिवाय शेजारपाजारची हाताला लागतील ती पोरं. डाळ्याचं पीठ, दाण्याचं कूट, गूळ आणि मावशीची नजर चुकवून घेतलेलं तूप एकत्र मळायचं, पाटावर लाटायचं आणि साच्यानं कापायचं. म्हशींसाठी भाजलेल्या नाचणीचं पीठ, कारण पांढरी म्हैस काकांना खपत नसे. साचे त्यांनी भोरच्या एका पत्रेवाल्याकडून रॉकेलच्या डब्याचे करून घेतले होते. पत्रेवाला मोठा कसबी माणूस, पण त्यानं आयुष्यात गाढव सोडून दुसरं जनावर नीट पाहिलेलं नसावं. त्याच्या हत्तीला गाढवाचे कान होते, घोड्याला होते आणि मोरालाही होते. काकांना त्याचं काही नव्हतं. "कान मोठे असले की जनावर आज्ञाधारक असतं," ते म्हणत. मग सजावट. डोळ्यांना तीळ, शिंगांना लवंगा, शेपटीला कच्ची शेवई, वाघाच्या पट्ट्यांना कारळे. वाघाचे पट्टे मोजून लावावे लागत. एक कमी पडला तर काका पुन्हा त्या ओशाळलेल्या वाघाच्या गोष्टीवर जात आणि मग दुपार संपायची.

एवढं करून जनावरं सुपात उभी करून उन्हात ठेवायची. हो, उभी. पुण्याची बिस्किटं आडवी पडलेली होती आणि साहेबाच्या वर चढायचं तर आपली उभी राहिली पाहिजेत, हा हट्ट. आता वेल्ह्याचं ऊन आणि गूळ यांचं काय सख्य असतं ते सांगायला नको. तासाभरात कळपातला एकेक जण मान टाकायचा. आधी कान गळायचे, मग मुंडकं हळूहळू छातीवर यायचं आणि मग चारी पाय चार दिशांना. मावशी सुपाकडे पाहून विचारायची, "गुरांचा दवाखाना कधीपासून काढलात?" काका शांतपणे सांगायचे, "बैल दमलाय. घोडा पाणी पितोय." उंटाबद्दल काही सुचलं नाही तर उंट स्वतःच खाऊन टाकायचे. वाघजाईच्या देवळातला म्हातारा गुरव सुपारीला यायचा, त्याला एकदा त्यांनी अख्खा घोडा दिला. तोंडाशी नेईपर्यंत घोड्यानं गुरवाच्या तळहातावर मान टाकली. गुरव दुसऱ्या हातानं ती मान सावरत म्हणाला, "काका, तुमची जनावरं लई गरीब हायती."

त्या पोरांत पलीकडच्या धोंडीबाची ठकी असायची. आदल्या पावसाळ्यात ती तापानं इतकी खंगली होती, की धोंडीबानं वाघजाईला बोकड बोलला होता. पोर उठली. बोकडही घरातच होता, आणि तो ठकीनंच हातानं पाला घालून वाढवलेला. रोज ओढ्यावर नेऊन ती त्याला म्हशीबरोबर आंघोळ घालायची. आता चैत्रातली जत्रा आली होती. त्या दिवशी आम्ही हत्ती-घोडे कापत असताना ठकीनं गोळ्यातला मोठा तुकडा घेऊन हातानंच एक बोकड केला, त्याला दाढीसाठी शेवया लावल्या आणि मान वर न करता विचारलं, "काका, ह्यो देवीला चालंल का?"

काकांच्या आयुष्यात 'विचार करून सांगतो' हे वाक्य नव्हतं. "चालेल? अगं, पळेल," ते बोलून गेले. आणि ठकीनं पहिल्यांदा वर बघितलं. तिथंच काका अडकले.

संध्याकाळी ते धोंडीबाच्या अंगणात गेले, मागं आम्ही सगळी वरात. काकांनी सुरुवातच शास्त्रापासून केली. पिठाच्या पशूला केवढा मान आहे, पूर्वीचे ऋषी काय करायचे (काका त्यांच्या पंगतीला असावेत अशा तपशिलानं) हे सगळं झालं. धोंडीबानं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "काका, तुमचं समदं खरं. पर म्या देवीला बोकूड बोललोय, लाडू न्हाई. उद्या पोरीला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बगू?"

वाघाला हटवणाऱ्या काकांनी ठकीकडे बघितलं, ठकीनं बोकडाच्या कानामागं हात घातला होता. मग काका एरवीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात म्हणाले, "मग देवीलाच विचार. दोन्ही घेऊन चल. गुरव पाणी टाकेल. ती ज्याला घेईल तो तिचा." धोंडीबा विचारात पडला. बोकडावर पाणी शिंपडायचं आणि त्यानं अंग झाडलं की देवीनं तो पत्करला असं समजायचं, अशी तिथली रीत. मग पुढचं काम कोयत्याचं. "इचारू की," तो शेवटी म्हणाला. "तिचा शबूद शेवटचा."

जत्रेच्या दिवशी देवळापुढं ही गर्दी. धोंडीबाचे किकवीचे पाहुणे तर मटणाच्या वासावर आदल्या रात्रीच येऊन बसले होते. ठकीचा बोकड एका बाजूला, आणि पितळी ताटात काकांचा. ठकीनं केलेला तो बोकड काकांनी सकाळी दार लावून पुन्हा मळला होता आणि तो चक्क ताठ उभा होता. एवढं ताठ जनावर त्या ओसरीवरून पूर्वी कधीच बाहेर पडलं नव्हतं. आम्हां पोरांना ऊर भरून यावा, की हा आता अंग कसा झाडणार म्हणून रडू यावं, तेच कळेना.

गुरवानं खऱ्या बोकडावर बोटांच्या टोकांनी चार थेंब उडवले. बोकड ढिम्म. पुन्हा उडवले. त्यानं शांतपणे गुरवाच्या धोतराचा सोगा चघळायला घेतला. रोज ओढ्यात बुचकळून निघणाऱ्या जनावराला चार थेंबांचं काय कौतुक? "लबाड हाय," किकवीचा एक पाहुणा कुरकुरला, "आजून टाका की पानी." गुरवानं त्याच्याकडे एक नजर टाकली. मग तो ताटाकडे वळला आणि बोटंबिटं काही न बुडवता, देवीचं नाव घेऊन त्यानं अख्खा तांब्या पिठाच्या बोकडाच्या मानेवर उपडा केला.

कान गळले. दाढी वाहून गेली. आणि मग, सगळं गाव बघत असताना, त्या ताठ बोकडानं हळूहळू मान खाली घातली आणि देवीच्या पुढ्यात टेकवली.

"घेतला की रं धोंडीबा," गुरव म्हणाला. "ह्यानं तर मानच दिली."

धोंडीबा डोळे पुसत खाली वाकला. त्या बोकडाचे किमान शंभर भाऊबंद आम्ही कुठल्याही देवीशिवाय माना टाकताना पाहिले होते. पण वेल्ह्याच्या इतिहासात आम्ही एकदाच तोंड मिटून राहिलो ते तेव्हा. किकवीच्या पाहुण्यांच्या हातावर गुळाचा ओला चुरा पडला. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात आणि अजून बरं वाटतं.

घरी आल्यावर मावशीनं काकांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "उद्यापासून बसलात चुलीशी तरी चालेल. नीट भाजून घ्या एकदा तुमची जनावरं."

काका सुपारी कातरत होते. "नको," ते म्हणाले. "भाजलं की मान वळत नाही."

पुढं ठकीचा तो बोकड चांगला म्हातारा झाला आणि काकांच्या ओसरीवर येऊन आपल्याच जातीची बिस्किटं खात राहिला. काका गेले त्या वर्षीच्या सुटीत आम्ही ओसरीवर साचे मांडून बसलो खरे, पण पीठ कुणी मळलं नाही. वाघाची गोष्ट त्यांनी आम्हांला शेकडो वेळा सांगितली, दर खेपेला वाघ हातभर वाढायचा. बोकडाची गोष्ट मात्र त्यांनी एकदाही, कुणालाही सांगितली नाही. म्हणून मला सांगावी लागते.