हजेरीपटाच्या बेरजा

पोलादपूरला स्टँडजवळ माझा एसटीडी बूथ होता, तेव्हाची गोष्ट. आखातातून फोन आला की लाइन अशी खरखरायची, जणू पलीकडचा माणूस कढईत भजी तळत बोलतोय. खुशाली कळायची हो. अर्धं ऐकून उरलेलं माणूस समजून घेतो. आकड्यांचं तसं नाही. चुकीचा आकडाही दिसायला बरोबरच दिसतो.

शेजारच्या खालाच्या लेकीचं नुकतंच लग्न झालेलं. जावई तिकडे, पोर इकडे. त्याने व्हिसाचा नऊ आकडी नंबर फोनवर सांगितला, आम्ही तो मुंबईच्या एजंटाला कळवला, तर एजंट म्हणाला, नंबर चुकलाय. कुठला आकडा? ते त्याला काय ठाऊक! खाला माझ्यासमोर बसली. "शनवारपातुर नंबर नाय गेला, तर पोरीचं जाणं लांबलंच गो."

आमचे हे शाळेत मास्तर. संध्याकाळी हजेरीपट घेऊन बसायचे. आडवी बेरीज, उभी बेरीज, दोन्ही जुळेपर्यंत चहा निवून जायचा. त्या दिवशी बघता बघता माझ्या डोक्यात आलं, आणि जावई तर यांचाच विद्यार्थी!

शुक्रवारी त्याला सुट्टी. फोन आला तशी मी ओरडले, "नुसता नंबर नको! तीन-तीन आकडे एका ओळीत मांडा, हजेरीपटासारखे. आडव्या बेरजा सांगा, उभ्याही सांगा!"

"बाई, शाळा सुटली तरी बेरजा सुटत नाहीत का?" तो हसला, पण सगळं सांगितलं. शेवटची बेरीज पाटीवर लिहून होते न होते, तोच लाइन गेली. गेली ती गेलीच.

मी पडताळा घेतला. मधली ओळ चार, एक, आठ. झाले तेरा, त्याने सांगितलेले बारा. खालाचं तोंड उतरलं.

"थांबा हो," म्हटलं. शेवटच्या उभ्या रांगेतही बेरीज एकानेच जास्त. बाकी सगळ्या चोख. ती ओळ आणि ती रांग जिथे भेटत होत्या, तिथे बसला होता आठ. त्याचा सात केला, दोन्ही बेरजा जुळल्या.

"पन त्याला परत इचारलंस कुठं?"

"विचारायचं कशाला? चूक दुरुस्त करायची सोय त्यानेच बरोबर पाठवलीय."

शनिवारी एजंटाने सांगितलं, नंबर बरोबर आहे. मग आमचे हे दोन दिवस शेजारीपाजारी हजेरीपटाचं माहात्म्य सांगत फिरले. चहा अर्थात मीच करत होते.

पुढे कितीतरी वर्षांनी माझी इंजिनिअर भाची म्हणाली, मोबाइल, सीडी, सगळी यंत्रं असेच जादा आकडे बरोबर धाडतात, म्हणजे वाटेत बिघडलेलं पोचल्यावर दुरुस्त करता येतं. मी म्हटलं, बाई गं, हे आम्ही पोलादपुरात पाटीवर केलंय!

तर तेव्हा पोर सुखरूप पोचली. पहिला फोन आला, तिकडच्या घरचा नंबर सांगू लागली. कधी शाळेची पायरी न चढलेल्या खालाने माझ्या हातातून रिसीव्हर ओढला. "रडू नको गो, खुशाली मागनं सांग. आधी बेरजा सांग, आडव्या आनि उभ्या!"