जोडकार्डाची जाडी

जगातल्या झाडून सगळ्या दुखण्यांचं मूळ रॉकरमध्ये असतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता आणि माझं भाग्य असं, की मी त्याच्याच खोलीत राहत होतो. आमचे मिस्त्री. लालबागच्या आमच्या गॅरेजात निम्म्या गिरगावच्या टॅक्स्या त्यांच्या हाताखालून जात. रॉकर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा बोटभर लोखंडी दांडा. कोकणात विहिरीवर पाणी काढायची लाट असते ना, तसा. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येऊन व्हॉल्व्ह उघडतं. पण मिस्त्री शेजारच्या म्हातारीच्या दम्यालाही "रॉकर झिजलाय" म्हणत आणि चाळीच्या नळालाही. माणसंसुद्धा ते इंजिनाच्या ताकदीसारखी घोड्यांत मोजत. संयुक्त महाराष्ट्राची सभा ऐकून आम्ही परतलो, की वक्त्यांचा निकाल लागे. "पयलो बरो. चाळीस घोडे. दुसऱ्याची नुसती खडखड, खेच नाय. गॅप वाढलाय त्याचा." मी सहावीतून शाळा सोडलेला, तेविशीचा, घर सोडून इतक्या लांब आलेला आणि सावलीला भिणारा. माझं नाव 'अर्धा घोडा'.

रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसभर फट ठेवावी लागते, तोच गॅप. तो मोजायला पोलादी पट्ट्या मिळतात, पण मिस्त्रींचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते पोस्टकार्ड वापरत. सरकारी पोस्टकार्डाची जाडी, न कमी न जास्त. त्यांना वाचता येत नसे. माझं घरचं कार्ड आलं, की कोरी कड कात्रीने उतरवून घेत आणि म्हणत, "अक्षरं तुझी, जाडी माझी."

पुढे त्यांना जवळचं दिसेनासं झालं. गॅप मी बसवू लागलो. हे मालकाला कळलं तर मिस्त्री घरी आणि मी गावी, एवढी एकच धास्ती मला जेवताना-झोपताना असे. अशात मिस्त्रींनी एका टॅक्सीवाल्याला जरा लांब हाताचे, कंपनीचे नव्हेत असे, बाहेरून घडवलेले रॉकर घ्यायला लावले. "तीन घोडे वाढणार! नाय वाढले तर पाना कायमचा खाली ठेवीन." म्हणाले तेही मालकासमोर.

मी रॉकर चढवले, गॅप बसवले. माझगावच्या टेकडीचा चढ ही परीक्षा. टॅक्सीवाला, मालक, मिस्त्री, मी आणि वजनाला म्हणून गॅरेजातला लठ्ठ रंगारी. अर्ध्या चढावर गाडी भांड्यांच्या पाटीसारखी खडखडली आणि थांबली.

"मिस्त्री, तीन घोडे उतरून गवत खायला गेले काय?" टॅक्सीवाला म्हणाला.

मिस्त्रींनी खिशातला पाना काढला आणि तो खाली ठेवायला ते खरोखरच वाकले.

"मिस्त्री, थांबा. गॅप मी बसवलाय. चूक माझी असणार."

"कसल्या कार्डाने बसवलास?"

मी कार्ड पुढे केलं. घरचं कार्ड मी लगेच वाचत नसे. वाईट बातमी असेल तर दोन दिवस उशिरा कळावी, एवढीच इच्छा. हेही तसंच खिशात पडून होतं. मिस्त्रींनी ते बोटांत चोळलं आणि उलगडलं. आत दुसरं कार्ड! उत्तरासाठी कोरं सोडलेलं जोडकार्ड. मी सगळे गॅप दुप्पट ठेवले होते.

"मेल्या, आईचं पत्र न उघडता इंजिनात घालतोस? वाच आधी!"

त्या चढावर, चौघांसमोर मी वाचलं. आईने गुरुजींकडून लिहवून घेतलं होतं: चार महिने तुझं पत्र नाही. लिहायला वेळ नसेल तर सुखी आहेस का, एवढंच सांग. कोऱ्या कार्डावर नुसतं 'होय' लिही.

कोणी हसलं नाही. मिस्त्रींनी जोडकार्ड हलकेच फाडून वेगळं केलं. कोरं माझ्या खिशात ठेवलं. "हे तिचं हाय. ह्याला काळा हात लावू नकोस. आज तिला अक्षरंच दे." आईच्या पत्राच्या कडेने त्यांनी, डोळे मिटून, आठही गॅप स्वतः बसवले. मालक बघत होता. मग गाडी निमूट चढून गेली.

"पण ही आधीपण चढायचीच की!" टॅक्सीवाला म्हणाला.

"आधी रंगारी नव्हता," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अर्ध्या घोड्या, तू सांग. वाढले घोडे?"

मला गाडीत तसूभर फरक वाटला नव्हता. पण पाना परत त्यांच्या खिशात गेला होता. मी म्हणालो, "होय."

खोलीवर येऊन, हात दोनदा धुऊन, तोच एक शब्द मी कोऱ्या कार्डावर लिहिला. मिस्त्री गेले, आई गेली. आता मी पोलादी पट्टीने गॅप मोजतो. त्या दिवशीच्या दोन होयांपैकी खरं कोणतं, ते मात्र अजून मोजता आलेलं नाही.