कच्चं कुणाच्याही घरी चालतं

११ जानेवारी, रविवार. दही, लसूण, मिऱ्यात मुरवलेली कोंबडी ट्रेमध्ये ठेवली, भोवती गाजर, फ्लॉवर, मटार पसरले आणि दोन चमचे तेल घालून सगळं एकदमच ओव्हनमध्ये सरकवलं.

गाजरं समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दिलेली. त्या परभणीकडच्या, चाकणला कंपनीत पॅकिंगला जातात. दारात आल्या की चप्पल काढतात, पण आत येत नाहीत. "घाई हाय" म्हणत उंबऱ्याबाहेरच अर्धा तास बोलतात. माझा डबा कधी रिकामा परत येत नाही. मटार, लिंबं, बोरं, काहीतरी असतंच.

कोंबडी द्यायला गेले तेव्हा मी सहज म्हटलं, "तुमच्या हातचं शिजवलेलं कधी देणार?"

"दिली की पहिल्यांदा वरणफळं! तुमच्याकडच्या कामवाल्या मावशी म्हनल्या, लई आवडली त्यांना." त्या हसल्या. "कच्चं कसं, कुनाच्याबी घरी चालतंय, ताई."

त्यांच्यामागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती पाहिली होती, म्हणूनच तो डबा मी न उघडता मावशींना देऊन टाकला होता. तिखट सोसत नाही, असं स्वतःला सांगितलं होतं. त्यांनी मात्र माझी कोंबडी नेहमीसारखी दोन्ही हातांनी घेतली. माझी मान वर होईना.

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी, त्यांची कंपनीची बस यायच्या आधी, मी त्यांचं दार वाजवलं आणि खायला मागितलं. त्यांच्या ओट्याशी उभी राहून मेथीची भाजी-भाकरी खाल्ली. मग ताट घासून ठेवलं. त्या नको म्हणाल्या नाहीत.