परवानगी राज्याकडे गेली तेव्हा

कॅन्सरच्या हॉस्पिटलात काम करतो म्हटलं, की लोक आवाज खाली घेतात. पण ड्यूटी संपवून आम्ही स्टाफवाले टपरीवर चहाला बसलो, की एकातून एक किस्सा निघतोच. हसून होईस्तोवर चहा गार झालेला असतो, एवढंच.

*

बुलडाण्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी गाठीवर किरण सोडणारं कोबाल्टचं मशीन चालवतो. आतला किरणोत्सारी कोबाल्ट वर्षागणिक कमजोर होतो, मग पेशंटला मशीनखाली जास्त वेळ झोपवावं लागतं. रोहिणखेडच्या शांताबाई एकदा टेबलावरूनच म्हणाल्या, "काऊन बाबू, मशीन बी थकली काय माह्यासारखी?"

दाराबाहेर त्यांचे मालक, महादेवराव, एकटेच हसले.

*

नवा कोबाल्ट आणायला सरकारी परवानगी लागते. नेमकं तेव्हाच ते काम केंद्राकडून राज्याकडे गेलं! डॉक्टर मॅडमनी केंद्राच्या ऑफिसला फोन लावला. "आता राज्याला विचारा." राज्याला लावला, तर तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे अजून टेबल-खुर्चीसुद्धा आली नाही!"

फोन ठेवून मॅडम मला म्हणाल्या, "आपण नक्की कुणाच्या राज्यात राहतो रे?"

*

मधेच जुनं लायसन संपलं आणि मशीन बंद ठेवावं लागलं. मी महादेवरावांना म्हटलं, "काकूंना अकोल्याला न्या."

"कसं नेऊ? एसटीत बसनं होऊन नाही राह्यलं तिले," ते म्हणाले. "मशीन चांगली हाय ना? मंग बंद काऊन?"

मी कायदा समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "हे तिच्या गाठीले कोन सांगन?"

*

शेवटी राज्याचे तरुण तपासनीस आले. किरण मोजायचा मीटर काढताना हळूच म्हणाले, "माझी ही पहिलीच तपासणी आहे हो!" सगळं नीट तपासलं, पास केलं. निघताना बाहेरच्या रिकाम्या बाकड्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"



*

नवा कोबाल्ट बसला. थांबलेल्यांत पहिला नंबर शांताबाईंचा, म्हणून मी फोन केला. महादेवरावांनी उचलला. "येतो," एवढंच बोलले.

सकाळी आले. सोबत डोक्यावरून पदर घेतलेली एक अनोळखी बाई होती.

"काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"ती दिवाळीतच गेली," ते म्हणाले. मग त्या बाईला पुढे करून म्हणाले, "हे आमच्या शेजारची. हिलेबी गाठ हाय. नंबर आमचाच हाय ना अजून?"